घासून दिलेली अंगठी

मावशी म्हणजे आईची बहीण, असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या बाईलाही मावशीच म्हणतात. या दुसऱ्या मावशीला घराची किल्ली मिळते, औषधांचा डबा मिळतो, "तुम्ही आता घरच्याच हो" हे वाक्य तर पहिल्याच आठवड्यात मिळतं. आणि घरातली एखादी वस्तू जागेवर दिसली नाही, की सगळ्यात आधी हिची पिशवी बघितली जाते.

या मावशीची पिशवी सहा वर्षांपूर्वी हॉलमधल्या टीपॉयवर उलटी केली गेली. त्यातून जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, गुडघ्याला चोळायचं मलम आणि अर्धवट विणलेला एक पायमोजा निघाला. अंगठी निघाली नाही. पण निघाली नाही म्हणून घेतली नाही, असं थोडंच असतं? घेणारी बाई ती पिशवीत ठेवण्याइतकी खुळी कशाला असेल! म्हणजे निघाली असती तर चोर, आणि निघाली नाही तर पोचलेली चोर.

अंगठी आजींची. जाड सोन्याची, वर हिरवा खडा, खड्याला चार नख्या, आणि आतल्या बाजूला आजींच्या आणि त्यांच्या नवऱ्याच्या नावाचं एकेक अक्षर कोरलेलं. आजींच्या बोटांच्या वाळून काड्या झाल्या होत्या, अंगठी सैल होऊन फिरत होती. मावशीने दोनदा सांगून बघितलं, "ताई, काढून ठेवा, नाहीतर दोरा तरी गुंडाळा." ताई म्हणजे आजींची मुलगी. ती म्हणाली, "राहू द्या, तिला बरं वाटतं."

आजींना तेव्हा एक खोड लागली होती. उभा जन्म बागकामात गेलेला, त्यामुळे हातात येईल ते पेरायच्या. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात रोज संध्याकाळी दोघी फिरायला जात. तिसऱ्या बाकावर बसलं, की आजी काठीच्या टोकाने मातीत भोक पाडायच्या, त्यात बटण, पिन, नाणं, जे असेल ते टाकायच्या आणि वरून टाचेने दाबायच्या. "उगवेल हो," म्हणायच्या. मावशी मागाहून नखांनी उकरून ते काढायची, नळाखाली धुवायची आणि घरी जागच्या जागी ठेवायची. हे सगळं कुणाला सांगायचं नाही, एवढं शहाणपण तिला या कामात आलं होतं. एका संध्याकाळी पायमोज्याचे टाके सुटले, ते उचलण्यात तिची नजर गेली आणि घरी येऊन बघते तर आजींचं बोट मोकळं.

"मातीत पेरली असणार," मावशी म्हणाली.

"पेरली?" ताईचा चेहरा असा झाला की जणू मावशीने आजींच्या अंगावरचं पांघरूण भर रस्त्यात ओढलं. "माझ्या आईला वेडी ठरवताय तुम्ही? स्वतःची कातडी वाचवायला?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलेलं होतं, पण त्या आजाराचं नाव ताईने अजून उंबऱ्याच्या आत घेतलेलं नव्हतं. पोलिसांत तक्रार मात्र तिने केली नाही. "आम्ही तसली माणसं नाही." केली असती तर बरं झालं असतं. कुणी चार प्रश्न विचारले असते, एखाद्याने मैदानात जाऊन फावडं तरी मारलं असतं. मावशीने एकटीने जाऊन नखांनी उकरून बघितलं होतं, पण हाती काही लागलं नव्हतं. ताईने नुसता मावशीला कामं मिळवून देणाऱ्या ब्युरोला फोन केला. आणि ब्युरोतल्या बाईने मावशीच्या नावावर एक आडवी रेघ ओढली. त्या रेघेनंतर मावशीला कुणाच्याही घराची किल्ली मिळाली नाही.

हे सगळं तिने गिळलं असतं. गिळायची सवय होती. गिळता आला नाही तो एक अर्धा प्रश्न. त्या दिवशी घरी आल्यावर तिच्या लेकीने सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आई, खरं सांग, तू…" आणि तिथेच थांबली. जीभ चावली, विषय बदलला, आईच्या गळ्यातही पडली. पण त्या "तू"च्या पुढचं वाक्य काही घरातून गेलं नाही. दोन खोल्यांत तीन माणसं राहावीत तसं ते सहा वर्षं त्यांच्याबरोबर राहिलं. लेक वीसची सव्वीस झाली, दाताच्या दवाखान्यात कामाला लागली, आईला मलम आणून द्यायची, पाय चेपून द्यायची. पण टीव्हीवर कुठे चोरीचं काही आलं, की पटकन चॅनेल बदलायची. मावशीला लोकांनी काय म्हणावं त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तो चॅनेल बदलला जातो, ते मात्र लागायचं.

आता ती इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करत होती. ऑपरेशनच्या खोलीतून येणाऱ्या चादरींच्या गठ्ठ्यात कधी कात्री निघते, कधी चिमटा, कधी सुई. तसंच धुवायला टाकलं तर धुलाईचं मशीन बिघडतं, नाहीतर बाईचा हात फाटतो. म्हणून सुपरवायझर प्रत्येक गठ्ठ्यावरून एक काळं दांडकं फिरवायचा. आत धातू असला की ते किंचाळायचं. एक दिवस ते आठ घड्यांच्या चादरीवर किंचाळलं. घड्या उलगडता उलगडता शेवटी आतून निघाली एक टाचणी. मावशीच्या हातातली इस्त्री तशीच राहिली.

"साहेब, हे मातीतलं पण ओळखेल का हो?"

"का? कुणाला पुरलंय का मावशी?" सुपरवायझर म्हणाला, आणि सगळ्या बाया खदखदून हसल्या.

"नवऱ्याला पुरलं असेल," एक जण म्हणाली. "पण तो कुठला वाजायला! त्याच्या खिशात कधी नाणं नव्हतं."

मावशीही हसली. पण त्याच आठवड्यात पत्ता काढत काढत ती एका दुकानात जाऊन उभी राहिली.

दुकान तसं नळवाल्यांचं आणि वायरमनचं. भिंतीतला पाइप शोधायची यंत्रं, गळती ऐकायची यंत्रं. जमिनीतला धातू शोधायची, खजिनेवाली मशीनं मागच्या भिंतीवर, छत्र्या टांगाव्यात तशी टांगलेली. दुकानदार साठीचा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि बोलणं असं की समोरच्याची टर उडवतोय की माहिती देतोय ते दोन मिनिटांनी कळावं.

"या मशीनला तीन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात, मावशी." इथेही मावशीच. "एक, ज्यांना स्वप्न पडलंय. दोन, ज्यांना नकाशा मिळालाय. तीन, ज्यांच्या बायकोची अंगठी पोहताना वाळूत पडलीय. पहिल्या दोघांना मी महागातलं देतो. तुम्ही कुठल्या?"

"अंगठीच आहे. पण दुसऱ्याची."

"आणि मिळाल्यावर?"

"परत द्यायची."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे चौथी तऱ्हा. या, बसा."

आधी त्याने एक स्वस्तातलं मशीन खाली उतरवलं आणि लगेच परत टांगलं. "हे गाढव आहे. खिळा दिसला तरी ओरडतं, सोनं दिसलं तरी ओरडतं. तुम्ही आपलं खणत बसा." मग एक, दांड्याच्या टोकाला मोठी तबकडी असलेलं. "हे खोल जातं. पण जागा कसली आहे? मैदान? लोक बसतात, खातात, टाकतात? मग हे नको. एवढ्या मोठ्या तबकडीखाली एका वेळी चार वस्तू येतात आणि चौघांचा मिळून एकच गोंगाट ऐकू येतो. गर्दीत हळू बोलणाऱ्याचं कोण ऐकतं? तुम्हाला लहान तबकडी पाहिजे." शेवटी त्याने कोपऱ्यातून एक वापरलेलं मशीन काढलं. लहान तबकडी, हँडलपाशी आकडे दाखवणारा पडदा. "हे स्वप्नवाल्याचं. चार महिन्यांत स्वप्न उतरलं, मशीन माझ्या गळ्यात. निम्म्यात देतो."

मावशीने फ्रिजसाठी बाजूला काढलेले पैसे त्याच्या पुढ्यात ठेवले. फ्रिज नसला तर दूध नासतं, एवढंच.

मग शिकवणी सुरू झाली. दुकानदाराने फरशीवर ओळीने वस्तू मांडल्या. खिळा, नाणं, बाटलीचं टोपण, चॉकलेटचा चांदीचा कागद, आणि बोटातली स्वतःची अंगठी. खिळ्यावर मशीन घोगऱ्या आवाजात गुरगुरलं, पडद्यावर बारा. नाण्यावर गोड वाजलं, ऐंशी. अंगठीवर मधलाच आवाज, एकोणपन्नास. मग चॉकलेटचा कागद. अठ्ठेचाळीस, पन्नास.

"हे काय?" मावशी म्हणाली. "सारखंच?"

"मशीनच्या लेखी सोनं आणि चॉकलेटचा कागद सख्खे भाऊ," दुकानदार म्हणाला. "मुळात खरी गंमत इथेच आहे. हे बटण बघा. हे दाबलं की कागदाचे आकडे गाळले जातात, मशीन कागदावर गप्प बसतं. आणि अंगठीवरही. लोक चार दिवस कागद उकरतात, वैतागतात, बटण दाबतात, आणि मग मला येऊन सांगतात की त्या जागेत काही नव्हतं. तुम्हाला प्रत्येक कागद उकरावा लागेल. प्रत्येक."

"मी नाही दाबणार बटण."

"सगळे असंच म्हणतात. फरक एकच, कागदाचा आकडा डगमगतो. तबकडी इकडून फिरवली की एक, तिकडून फिरवली की दुसरा. अंगठी गोल असते, तिचा आकडा बहुतेक ठाम राहतो. बहुतेक हं. माणसांसारखंच आहे, ठाम बोलतो तो खराच असतो असं नाही. आता उभ्या राहा आणि फिरवा."

मावशीने मशीन हातात घेतलं आणि फरशीवरून फिरवलं. दुकानदार बघतच राहिला. नवा माणूस तबकडी केरसुणीसारखी फिरवतो, दोन्ही टोकांना वर उचलतो, आणि तेवढी जमीन सुटते. हिची तबकडी जमिनीला समांतर, ना वर ना खाली, आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढलेला.

"कुठे शिकलात?"

"चादरी," मावशी म्हणाली. "टोकाला इस्त्री उचलली की सुरकुती राहते."

निघताना त्याने शेवटचा धडा दिला, आणि तो देताना त्याचा आवाज पहिल्यांदाच गंभीर झाला. "खणायचं ते तीन बाजूंनी कापून. गवताची खपली दारासारखी उघडायची. माती फडक्यावर काढायची, वस्तू घेतली की सगळी माती परत आत, खपली लावायची, पायाने दाबायची, वर पाणी शिंपडायचं. तुम्ही उठून गेल्यावर तिथे कुणी बसलं होतं हे कळता कामा नये. नाहीतर उद्या मैदानवाले हाकलतील. या कामातली अब्रू ती एवढीच."

अब्रूचं नाव काढल्यावर मावशीने ते मनात पक्कं बांधून घेतलं.

मैदान बदललं होतं. लाकडी बाक जाऊन सिमेंटचे आले होते, तेही भलत्याच जागी. तिसरा बाक म्हणजे नक्की कुठे, ते तिने टाकीच्या शिडीवरून आणि एका वाकड्या झाडावरून अदमासाने ठरवलं. मग दोऱ्या ताणून चादरीएवढे पट्टे आखले. दर गुरुवारी, सुटीच्या दिवशी, एक पट्टा.

सात महिने. बाटल्यांची टोपणं, चेनचे तुकडे, खेळण्यातली मोटार, कसली तरी किल्ली, आणि कागद, कागद, कागद. चांदीचे, सोनेरी, चुरगळलेले, गोळी करून फेकलेले. माणसं इतकं गोड खातात आणि तरी तोंडं अशी का, असा प्रश्न तिला पडायला लागला. मैदानाचा वॉचमन काठी टेकत यायचा. "मिळाला का हंडा?"

"मिळाला की अर्धा तुमचा," मावशी म्हणायची आणि त्याच्या हातावर टोपण ठेवायची.

एक दिवस लेकीने मशीन बघितलं. हँडल, पडदा, तबकडी सगळं निरखलं आणि म्हणाली, "गुडघ्याखाली काहीतरी घेत जा. ओल लागते." आणि दुसऱ्या दिवशी रबराची एक जुनी चटई आणून दिली. मावशीला त्या चटईचं इतकं अप्रूप वाटलं, की फ्रिजचं दुःख विसरली.

पाचव्या महिन्यात एक पितळी बटण निघालं. आजींच्या स्वेटरचं. मावशीने ते तळहातावर घेतलं आणि मैदानात एकटीच म्हणाली, "काय हो आजी, उगवलं नाही ना?" म्हणजे जागा बरोबर होती. त्यानंतर तिने पट्टे आणखी अरुंद केले.

आणि एका गुरुवारी सकाळी, वॉचमन चहाला गेलेला असताना, एक्कावन्न. तिने तबकडी आडवी फिरवली, एक्कावन्न. उभी फिरवली, एक्कावन्न. बाजूला सरकून तिरकी फिरवली. आकडा हलायला तयार नाही. गुडघे टेकले. तीन बाजू कापल्या, खपली उघडली, माती फडक्यावर काढली. चार बोटं खोल. मातीच्या ढेकळातून आधी हिरवं काहीतरी दिसलं, मग पिवळी कड. अंगठीतून एक पांढरं मूळ आरपार गेलं होतं. इकडून शिरून तिकडून निघालं होतं आणि पुढे त्याला बारीक फाटे फुटले होते. सहा वर्षं अंगठी घालून बसलेलं ते मूळ. खड्याच्या नख्यांत काळी माती दगडासारखी बसली होती.

मावशी रडली नाही, ओरडली नाही. तिला आधी घाण दिसली. तीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या वस्तू हाताळल्या होत्या. कवळ्या, चष्मे, काठ्या, चादरी. एकही वस्तू तिने कधी मळकी परत केली नव्हती. हातांनी तिला विचारलंच नाही. अंगठ्याच्या नखाने ते मूळ तोडलं, ओढून काढलं, टाकून दिलं. बाटलीतलं पाणी अंगठीवर ओतलं. मग माती परत आत, खपली वर, पायाने दाबली, पाणी शिंपडलं. मशीन पाठीला लावून निघाली तेव्हा तिथे कुणी बसलं होतं हे खरोखर कळत नव्हतं.

घरी येऊन तिने कोमट पाणी घेतलं, साबण, जुना टूथब्रश, एक टाचणी. नख्यांतली माती टाचणीने कोरून कोरून काढली. आतली दोन अक्षरं ब्रशने लख्ख केली. मऊ फडक्याने पुसून ती ओट्यावर रुमालात ठेवली, तेव्हा सोनाराच्या काचेतून आत्ताच बाहेर काढल्यासारखी दिसत होती. सहा वर्षांची माती मोरीतून वाहून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. इथे तर तिने हात धुऊन केलं.

लेक कामावरून आली. एक चप्पल पायात, एक हातात, अशी दारातच उभी राहिली.

"सापडली," मावशी म्हणाली.

लेकीने चप्पल टाकली आणि येऊन आईला मिठी मारली. मिठी लवकर सोडलीच नाही. मावशीला वाटलं, झालं. ते अर्धं वाक्य आज घरातून गेलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून, इस्त्रीचे कपडे घालून, मशीन पिशवीत घेऊन ती ताईच्या दारात गेली. ताई आता जाड झाली होती, केस पांढरे झाले होते. आजी जाऊन दोन वर्षं झाली होती, हे मावशीला बाहेरूनच कळलं होतं. ताईने तिला आत बसवलं. त्याच टीपॉयवर मावशीने रुमाल उलगडला.

ताईने अंगठी उचलली, आत बघितलं, अक्षरं वाचली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मावशीलाही भरून आलं. तेवढाच वेळ चांगला गेला.

मग ताईने डोळे पुसले. "किती जपून ठेवलीत हो."

"ठेवली नाही, ताई. सापडली. मैदानात. हे मशीन बघा, सात महिने…"

ताईने मशीनकडे बघितलं, अंगठीकडे बघितलं, खिडकीकडे नेऊन उजेडात धरली. "मातीत होती? सहा वर्षं? मावशी, हिच्यावर मातीचा कण नाही."

"मी घासली ना."

"का?"

मावशीला प्रश्नच कळला नाही. "तुमची वस्तू. तशी मळकी कशी देणार?"

ताई हसली. वाईट हसली असती तर बरं, समजूतदारपणे हसली.

"चला, जागा दाखवते," मावशी म्हणाली, आणि उठलीच. मैदान पाच मिनिटांवर. ताई मागोमाग आली. मावशी वाकड्या झाडापाशी थांबली, टाकीच्या शिडीकडे बघितलं, दोन पावलं डावीकडे गेली. गवत सपाट, एकसारखं, हिरवंगार. "इथे," ती म्हणाली. मग, "नाही, इथे." मग गुडघ्यावर बसून हाताने चाचपायला लागली. तिला स्वतःलाच सापडेना, इतकं सुबक काम केलं होतं.

वॉचमन आला. मावशीने त्याचा हातच धरला. "सांगा हो यांना. मी दर गुरुवारी येते की नाही?"

"येतात की," वॉचमन म्हणाला. "सात-आठ महिने झाले. टोपणं काढतात."

"आणि अंगठी?"

"अंगठी?" त्याने मावशीकडे डोळे बारीक करून बघितलं. "हंडा मिळाला आणि मला सांगितलं नाहीत होय?"

ताईने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "सात महिने असं उन्हात फिरलात? एवढं कशाला करायचं, मावशी. सरळ येऊन हातात दिली असतीत तरी मी काही बोलले नसते. चूक होते माणसाकडून. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय. उलट मला कौतुक वाटतं. परत आणून द्यायला छाती लागते."

"ताई, मी घेतली नव्हती."

"बरं," ताई म्हणाली, आजींना म्हणायची त्याच आवाजात. "मी आजच ब्युरोत फोन करून सांगते, की तुम्ही होऊन परत केलीत. त्यांनी नाव पुन्हा घालायला हरकत नाही."

"नको. तसं नका सांगू."

"अहो, चांगलंच सांगणार आहे."

संध्याकाळी मावशी मशीन घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. एकदाही टर उडवली नाही. "फोटो काढलात? वस्तू मातीत असताना?"

मावशीने नाही म्हणून मान हलवली.

"मूळ?"

"टाकून दिलं."

त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "मीच सांगायला पाहिजे होतं. पण मावशी, वीस वर्षं मी ही मशीनं विकतोय. इथे येणाऱ्या प्रत्येकाला सापडलेलं लपवायचं असतं. खड्डा बुजवा, माग ठेवू नका, कुणाला बोलू नका, हेच मी शिकवत आलो. सापडलं हे दाखवून द्यायचंय, असं गिऱ्हाईक मला कधी भेटलंच नव्हतं." मशीन परत घेऊ का, असं त्याने विचारलं, जी किंमत दिली तीच देतो म्हणाला. मावशी ते तसंच घेऊन घरी आली.

लेकीने ताटं मांडून ठेवली होती. "काय म्हणाल्या ताई?"

"माफ केलं म्हणाली."

"बघ!" लेकीचा चेहरा उजळला. "मी म्हणत होते ना… म्हणजे बोलले नाही कधी, पण मनात म्हणत होते, की दिली तर माणसं माफ करतात." ती आईच्या शेजारी येऊन बसली, तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. "आई, आता बोलू का? माझ्या लग्नासाठीच ठेवली होतीस ना? मला कळत होतं गं. मी कधी रागावले नाही तुझ्यावर. फक्त भीती वाटायची, कुणाला सापडेल म्हणून. म्हणून तर चोरीचं काही लागलं की चॅनेल बदलायचे."

मावशीने ताटातला घास ताटात ठेवला. "मातीत होती," ती म्हणाली. "चार बोटं खोल. तिच्यातून मूळ गेलं होतं."

"आता माझ्याशी तरी नको गं," लेक हसून म्हणाली, आणि आईचा हात हातात घेतला. "मशीनची आयडिया मात्र भारी होती हं. मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, अरे वा, आई काय डोकं लावतेय! म्हणून तर चटई आणून दिली."

मावशीने लेकीकडे नीट बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या भुवयांमधली, त्या दिवसापासून उमटलेली उभी रेघ गेली होती. पोरगी मोकळी झाली होती. भरभरून जेवत होती, बोटं चाटत होती, मध्येच हसत होती. खरं पटवायचं म्हटलं तर आता ती रेघ परत आणावी लागणार, आणि पटणार ते नाहीच.

"पण एक सांग," लेक पुढे झुकली, लहान मुलीने जादूची युक्ती विचारावी तशी. "इतकी वर्षं ठेवली कुठे होतीस? मी सगळं घर झाडते, मला कशी नाही दिसली?"

मावशीने उठून पाण्याचा तांब्या आणला, दोन्ही पेले भरले. एक लेकीपुढे सरकवला.

"पिठाच्या डब्यात," ती म्हणाली. "तळाशी."

"वाटलंच मला!" लेक म्हणाली.